भूल द्यावी घ्यावी



भाषेचा अभ्यास करताना कधीकधी एखादा शब्द आपल्याला अडवून धरतो. वर्षानुवर्षे तो आपल्या बोलण्यात सहज येत-जात असतो. मग एके दिवशी तो उंबरठ्यावर थांबतो आणि आपण त्याला कधी नीट पाहिलेच नव्हते, हे आपल्या ध्यानात येते. माझ्या आयुष्यात असा शब्द आला तो 'भूल'. चूक, विस्मरण, मोह आणि गुंगी असे चार अर्थ या दोन अक्षरांत नांदतात. लबाड माणूस भूलथापा देतो, देखण्या वस्तूची मनाला भूल पडते, हिशेबात भूलचूक होते आणि शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर रोग्याला भूल देतात. पाठ्यपुस्तकांनी या शेवटच्या अर्थासाठी 'बधिरीकरण', 'संवेदनाहरण' असे भारदस्त शब्द सिद्ध केले. बोलणाऱ्यांनी मात्र 'भूल' हाच शब्द धरून ठेवला आणि ती देणाऱ्याला 'भूलतज्ज्ञ' म्हटले. शब्दशः पाहिले, तर ज्याला चुकीचे उत्तम ज्ञान आहे तो भूलतज्ज्ञ! हा विनोद वर्गात सांगून मी अनेक वर्षे हशा मिळवला. त्या विनोदात किती सत्य आहे आणि ते माझ्या घराच्या किती जवळचे आहे, हे मला फार उशिरा कळले. आज तेच आपणांस सांगावयाचे आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात. वडील, म्हणजे आमचे अण्णा, कोरेगावच्या बाजारपेठेत एका आडत दुकानावर दिवाणजी होते. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. प्रत्येक पट्टीच्या तळाशी, बेरजेखाली, ते न चुकता 'चू. भू. द्या. घ्या.' असे लिहीत. लहानपणी मला वाटे की हे कोणा गृहस्थाचे आडनाव असावे. पुढे अण्णांनीच अर्थ सांगितला : "चूकभूल द्यावी घ्यावी. आमच्याकडून कमी आले असेल तर मागून घ्यावे, जास्त आले असेल तर परत द्यावे. हिशेब माणूस करतो, म्हणून हे लिहायचे."

घरात एक हिशेब मात्र कधीच मिटलेला नव्हता. तो होता माझ्या आत्याचा. अण्णांची ही धाकटी बहीण मी पाहिलेली नाही. माझ्या जन्माच्या दहा-अकरा वर्षे आधी, १९५१ च्या उन्हाळ्यात, ती गेली. वय सतरा. रानात काम करताना पायात बाभळीचा काटा मोडला, त्याचे गळू झाले, पाय सुजला, ताप चढला. बैलगाडीत घालून तिला जवळच्या गावी दवाखान्यात नेले. गळू फोडायचे म्हणून भूल दिली. गळू फुटले, पण आत्या जागी झाली नाही. गावात सगळ्यांनी एकच वाक्य सांगितले : "भूल उतरलीच नाही."

आजी हे दुःख घेऊन जगली. घरात आत्याचा विषय निघाला, की ती पदर डोळ्यांना लावून त्या अनाम डॉक्टरला शिव्याशाप देई. तिचा विलाप आम्हा भावंडांना पाठ झाला होता : "धडधाकट पोर माझी. जाताना माझ्या हातची वाटीभर पेज पिऊन गेली, आन् परत आली न्हाई. त्या मेल्यानं मारली." त्या पेजेचा उल्लेख प्रत्येक वेळी येई. आईच्या हातचे शेवटचे अन्न म्हणून तो येतो, असेच आम्हाला वाटे. आपणही, मित्रहो, ही पेज ध्यानात ठेवावी.

पुढे १९७४ साली आईच्या पित्ताशयात खडे झाल्याचे निदान झाले. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या भागातून मोठ्या आजारासाठी मिरजेस जाण्याची जुनी वहिवाट आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस या मिशनरी शल्यचिकित्सकाने तेथे रुग्णालय उभारले आणि कृष्णाकाठच्या त्या लहानशा संस्थानी गावाचे नाव रोग्यांच्या तोंडी झाले. पुढे १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. आम्ही कोणत्या रुग्णालयात गेलो, ते सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. कोरेगावहून पॅसेंजरने आई, अण्णा, आजी आणि मी असे चौघे मिरजेस पोहोचलो, एवढे पुरे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पांढरी टोपी घातलेला एक मध्यमवयीन डॉक्टर आईच्या खाटेपाशी आला. तो शस्त्रक्रिया करणारा नव्हता. त्या मोठ्या डॉक्टरांचे नाव आम्हाला ठाऊक होते आणि आजीने त्यांच्या नावाने नवसही बोलला होता. या माणसाने आईची नाडी पाहिली, तोंड उघडायला सांगून दात पाहिले आणि विचारले, "काल रात्रीपासून काही खाल्लंत? प्यायलात?" आई म्हणाली, "नाही." त्याने पुन्हा विचारले, "चहाचा घोट? पाणी?" आईने मान हलवली. तो निघाला, आणि तेवढ्यात त्याची दृष्टी खाटेखाली गेली. तेथे एक पितळी फुलपात्र होते. त्याच्या काठाला दुधाची साय चिकटली होती.

तो वळला आणि आईऐवजी आजीसमोर उकिडवा बसला. "आजी, मी रागावणार नाही. पण खरं सांगा."

आजीने आधी नाही म्हटले. मग म्हणाली, "वाईच कपभर दूध दिलं पहाटं. म्याच म्हनलं घे. उपाशीपोटी कसं सोसंल पोरीला?"

"बरं केलंत सांगितलंत," असे म्हणून तो उठला आणि त्याने त्या दिवसाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली. अण्णा चिडले. दुकानातून मिळालेली रजा मोजकी होती आणि एका दिवसाचा खर्च वाढणार होता. त्यांनी त्याला जाब विचारला, तेव्हा तो आजीकडे पाहतच म्हणाला, "भूल दिली की माणसाचं सगळं सैल पडतं. पोटातलं वर येतं आणि श्वासनळीत उतरतं. जागा माणूस ठसकतो, खोकतो. भूल दिलेल्याला ठसकाही येत नाही. म्हणून पोट रिकामं लागतं."

आजीने विचारले, "म्हंजी, पोटात काय आसंल तर मानूस दगावतो?"

"दगावू शकतो, आजी."

आजी भिंतीला टेकून बसली. ती रडली नाही, काही बोललीही नाही. मला वाटले, आपल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे गेली म्हणून ती खजील झाली असेल.

तो मोकळा मिळालेला दिवस मला फार चांगला आठवतो. अण्णांचा राग निवळल्यावर त्यांनी मला मिरज दाखवली. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर गेलो. तेथेच उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. मग तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. छताला वाळलेले मोठमोठे भोपळे टांगले होते. एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जव्हारी लावीत होता. तारेखाली सुताचा धागा किंचित सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा सरकवायचा. अण्णांनी त्याला विचारले, "गाणाऱ्याच्या मागे बसून हे वाजवणाऱ्याचं नाव कोणी विचारतं का हो?" तो न थांबता म्हणाला, "सूर ढळला की विचारतात."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आई सुखरूप बाहेर आली आणि पुढे एकतीस वर्षे जगली. गुंगीत जाण्यापूर्वी टोपीवाला डॉक्टर तिच्या उशाशी बसून तिला माहेरची चौकशी करीत होता, असे ती सांगे. "माहेर सांगता सांगता झोपले," एवढेच तिला आठवे. घरी परतताना मिळालेल्या कागदावर शल्यचिकित्सकाचे नाव आणि सही होती. ज्याने फुलपात्र पाहिले, त्याचे नाव त्या कागदावर कोठेही नव्हते.

आणखी एक गोष्ट घडली. ती माझ्या लक्षात यायला तीस-पस्तीस वर्षे लागली. मिरजेहून परतल्यानंतर आजीने त्या जुन्या डॉक्टरला पुन्हा कधी शिव्याशाप दिले नाहीत. आत्याचे नावही तिने क्वचितच घेतले. वयाने शोक निवतो, असे आम्ही समजलो.

मित्रहो, पुढे मी सांगलीस मराठीचा अध्यापक झालो. संध्याकाळी आयर्विन पुलावर फिरायला जाण्याचा परिपाठ होता. तेथे एका वृद्ध डॉक्टरांशी ओळख झाली. ते निवृत्त भूलतज्ज्ञ होते. मी माझा ठेवणीतला विनोद त्यांना ऐकवला. ते हसले नाहीत. म्हणाले, "अगदी बरोबर आहे. आमची सगळी संघटना त्याच अर्थावर उभी आहे." मग कृष्णेच्या पाण्याकडे पाहत, अनेक संध्याकाळी, त्यांनी मला त्यांच्या विद्येची आणि तिच्या संघटनेची हकिकत सांगितली. त्यानंतर मी ग्रंथालयात बसून ती पडताळून पाहिली. तिचा सारांश असा.

वेदना शमवून शस्त्र चालवावे, ही इच्छा फार जुनी. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला मद्य पाजावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. परंतु खात्रीची भूल जगाला लाभली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. त्या दिवशी अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरचा जाहीर प्रयोग केला. पाच महिन्यांनी, २२ मार्च १८४७ रोजी, ईथर कोलकात्यात वापरले गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणले. ते वापरायला सोपे होते. रुमालावर किंवा जाळीवर थेंब टाकायचे आणि नाकाशी धरायचे. हे काम कोणालाही जमेल असे सर्वांना वाटले. जी गोष्ट कोणालाही जमते असे वाटते, ती कोणाकडेही सोपवली जाते. जगभर भूल देण्याचे काम शिकाऊ डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर, जो हाताशी असेल त्याच्याकडे गेले. शल्यचिकित्सक मात्र तोच, नावाजलेला राहिला.

क्लोरोफॉर्म येऊन तीन महिनेही झाले नव्हते. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी भूल दिली असता काही मिनिटांत मरण पावली. भुलेमुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू मानतात. हे वाचताना माझा हात पानावर थांबला. पायाचे क्षुल्लक दुखणे, कोवळे वय, न उतरलेली भूल! शंभर वर्षांपूर्वीची, परक्या देशातली आमची आत्याच ती.

पण दोघींत एक भेद होता. हॅनाच्या मृत्यूची चौकशी झाली, शवविच्छेदन झाले, साक्षी नोंदल्या गेल्या. त्या नोंदींवरून वाद पेटला. सिम्पसन म्हणाले, तिला शुद्धीवर आणण्यासाठी पाजलेले पाणी आणि ब्रँडी तिच्या श्वासमार्गात गेली. लंडनचे डॉ. जॉन स्नो म्हणाले, नाही, क्लोरोफॉर्मनेच तिचे हृदय बंद पडले. हा वाद जवळजवळ पाऊणशे वर्षे चालला. त्यात आपल्या शेजारच्या हैदराबादचाही वाटा आहे. आजचा मराठवाडा ज्या राज्यात होता, त्या निजामाच्या राज्यात डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. निजामाने खर्च सोसला आणि प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. हा निष्कर्ष अपुरा होता. हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्मने हृदयाची लय अचानक बिघडून ते बंद पडू शकते, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी प्रयोगाने दाखवून दिले.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले होते, "एका माणसाची खात्री चुकते. एका आयोगाचीही चुकते. चूक सापडते ती बोलणं चालू राहिलं म्हणून. ते बोलणं चालू ठेवण्यासाठी संघटना लागते."

अशी पहिली संघटना १८९३ मध्ये लंडनमध्ये डॉ. फ्रेडरिक सिल्क यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. त्या काळी केवळ भूल देण्यावर पोट भरणारे डॉक्टर थोडे होते आणि त्यांना वेगळे शास्त्र आहे, हेच अनेकांना मान्य नव्हते. अमेरिकेत १९०५ साली लाँग आयलंड येथे नऊ डॉक्टर एकत्र आले. त्यांची वार्षिक वर्गणी होती एक डॉलर. त्याच रोपट्याचा पुढे त्या देशाच्या राष्ट्रीय संघटनेचा वृक्ष झाला. लंडनची संस्था १९०८ मध्ये मोठ्या वैद्यकसभेत विभाग म्हणून सामील झाली. परंतु त्या विभागाला शास्त्रचर्चेपलीकडे जाता येत नसे. भूलतज्ज्ञांचे शिक्षण, वेतन, दर्जा हे प्रश्न उरले. म्हणून १९३२ मध्ये डॉ. हेन्री फेदरस्टोन यांच्या प्रयत्नाने ब्रिटन-आयर्लंडच्या भूलतज्ज्ञांची स्वतंत्र संघटना निघाली. तीनच वर्षांत, १९३५ मध्ये, या विषयाची पदविका परीक्षा सुरू झाली. आपले ज्ञान परीक्षेस बसवावे, असे म्हणणारी संघटना स्वतःवरच बंधन घालून घेते, हे येथे लक्षात घ्यावे.

भारतात 'इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेटिस्ट्स' स्थापन झाली ती १९४७ मध्ये. त्या वर्षी आपल्या भागाचे चित्र आठवून पाहा. सांगली आणि मिरज अजून संस्थाने होती. ती १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाली, १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. देशाच्या सीमा आखल्या जात होत्या, जिल्ह्यांची नावे बदलत होती आणि त्याच धामधुमीत मोजके डॉक्टर आपल्या विद्येला नाव मागत होते. १९५३ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. १९५५ मध्ये नेदरलँड्समध्ये निरनिराळ्या देशांच्या अशा संघटनांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. पुढे भारतीय संस्थेच्या नावातील 'ॲनेस्थेटिस्ट्स' जाऊन 'ॲनेस्थेसियॉलॉजिस्ट्स' आले. आपण भाषेचे विद्यार्थी आहात. भूल 'देणारा' आणि भुलेचे 'शास्त्र जाणणारा' यांतील अंतर आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. एक प्रत्यय मिळवण्यासाठी माणसांना किती वाट चालावी लागते, एवढे मात्र पाहावे.

मी डॉक्टरांना विचारले, "पण संघटना म्हणजे मान, मानधन, अधिवेशनं आणि हारतुरे. त्याने रोग्याचे काय भले होते?"

ते म्हणाले, "ते सगळं आहे, नाही म्हणत नाही. पण आत एक खोली असते. सुरुवातीच्या दिवसांत आमची सांगली-मिरजेची पाच-सहा मंडळी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमत. चहा व्हायचा. मग एकाने आपली एक भूल सांगायची. दिलेली नव्हे, झालेली. रोग्याचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही. ऐकणाऱ्यांनी दोष द्यायचा नाही. तुझ्या जागी मी असतो तर काय पाहिलं असतं, एवढंच बोलायचं. गावात एकटा भूलतज्ज्ञ असतो तेव्हा त्याची चूक त्याच्याबरोबर जळते. सहाजण असले, तर ती सहाजणांना शहाणं करते."

मग त्यांनी मला एका अहवालाविषयी सांगितले. ब्रिटिश भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना आवाहन केले, की भुलेच्या वेळी रोगी दगावला असेल तर ती हकिकत आम्हाला कळवा, नावे गुप्त राहतील. देशभरातून आपल्या हातून घडलेल्या मृत्यूंचे वृत्तान्त लोकांनी स्वेच्छेने लिहून पाठवले. अशा एक हजार मृत्यूंचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक कारण पुन्हा पुन्हा आढळले. पोटातील अन्न वर येऊन श्वासमार्गात जाणे. प्रसूतीच्या वेळी असे होते, हे कर्टिस मेंडेलसन या अमेरिकन डॉक्टराने १९४६ मध्येच लिहिले होते. आता हजार कबुलीजबाबांनी तो धोका सर्वांसमोर मांडला. 'रात्रीपासून काही खाल्लंत का?' हा साधा प्रश्न एवढ्या आग्रहाने विचारला जाऊ लागला, त्यामागे अशा माणसांचे धैर्य आहे.

मी पुलाचा कठडा धरून उभा राहिलो. वाटीभर पेज. पितळी फुलपात्र. भिंतीला टेकून बसलेली आजी. चौतीस वर्षांनी मला कळले, की त्या दिवशी मिरजेत ती खजील झाली नव्हती. तिला तेवीस वर्षांपूर्वीचे उत्तर मिळाले होते, किंवा मिळाले असे तिला वाटले होते. त्या अनाम डॉक्टरावरचा शाप तिने मुकाट्याने उचलून स्वतःवर घेतला आणि उरलेले आयुष्य तो वाहिला. आम्ही तिला म्हातारपण समजलो.

मी डॉक्टरांना आत्याची हकिकत सांगितली आणि विचारले, "पेजेनेच गेली का हो ती?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असेल. नसेलही. क्लोरोफॉर्म दिलं असेल तर हृदयही थांबलं असेल, त्याला पोटात काही असायची गरज नाही. पायाचं विष रक्तात भिनलं असेल. मात्रा चुकली असेल. कोणी काही लिहून ठेवलं आहे का?"

काहीच नव्हते. ना नाव, ना वेळ, ना औषध, ना मात्रा. हॅना ग्रीनरविषयी विद्वान आजही वाद घालू शकतात, कारण तिचा कागद आहे. आत्याविषयी वादही घालता येत नाही. त्या लहानशा दवाखान्यात भूल देणारा जो कोणी होता, त्यालाही आपण कोठे चुकलो, हे कधी कळले नसेल. कोणाला विचारावे, तर त्याच्या आसपास त्याचा सहाध्यायी नव्हता. तोही कदाचित आजीसारखाच काहीतरी आयुष्यभर वाहत राहिला असेल. एका मृत्यूचे दोन भार, दोन वेगळ्या गावांत, एकमेकांना अनोळखी! त्या दोघांना एका चटईवर बसवून चहा देणारे कोणी असते, तर दोघांचेही ओझे थोडे हलके झाले असते. आजीला मी एवढे तरी सांगू शकलो असतो, की 'तुझी पेजच असेल असे नाही.' पण आजी १९८१ मध्येच गेली होती.

तेव्हापासून मी वर्गात तो विनोद करीत नाही. भुलेच्या चार अर्थांना एकत्र बांधणारे सूत्र मला सापडले आहे. जो दुसऱ्याला भूल देतो, त्याने आपली भूल विसरता कामा नये आणि आपण अचूक आहोत या मोहाचीही भूल त्याला पडता कामा नये. एकट्या माणसाला हे साधत नाही. त्यासाठी समव्यवसायी लागतात, बैठक लागते, वही लागते. कोणत्याही विद्येची संघटना प्रथम जन्मते ती याच गरजेतून. तिचे अधिवेशन, तिचे बोधचिन्ह, तिचे अध्यक्षपद ही पुढची बाब. ती गरज विसरणारी संघटना हारतुऱ्यांपुरती उरते. ही गोष्ट वैद्यकापुरती नाही. शिक्षकांच्या, लेखकांच्या, आपल्या संघटनांनाही हा प्रश्न विचारता येईल. आमच्यात अशी आतली खोली आहे का, जेथे आपली चूक सांगता येते?

आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पुरा करीत आहात. केव्हातरी आपणही घरच्या माणसाला घेऊन एखाद्या रुग्णालयाच्या बाकावर बसाल. त्या वेळी पांढऱ्या किंवा हिरव्या टोपीतले कोणी येऊन काही प्रश्न विचारील. त्याला खरे उत्तर द्या. प्रेमाने पाजलेला घोटभर चहासुद्धा सांगा. आणि जमले तर त्याचे नाव विचारून कागदावर लिहून ठेवा.

अण्णांची जुनी पट्टी मी अजून जपून ठेवली आहे. शाई फिकट झाली आहे, बेरीज वाचता येत नाही. तळाची चार अक्षरे मात्र स्पष्ट आहेत. या लेखातही स्मरणाचे काही इकडेतिकडे झाले असेल. आपल्याला आढळले, तर अवश्य कळवावे. चू. भू. द्या. घ्या.